‘रॅटल वॉच’ : खुळखुळा नको

प्रश्न असा आहे : न्यूयॉर्कच्या जुन्या इतिहासात ‘रॅटल वॉच’ हा शब्द भेटतो, म्हणजे ‘रॅटल’ हे आवाजाचे साधन हातात घेऊन रात्री फिरणारे पहारेकरी. इथे ‘वॉच’ म्हणजे घड्याळ नाही हे कळते. मग मराठीत ‘खुळखुळा पहारा’ म्हणावे का?

माझे मत : म्हणू नये. दोन्ही शब्द चुकतात.

आधी खुळखुळा. खुळखुळ हा पोकळ वस्तूतल्या मण्यांचा, खड्यांचा बारीक आवाज, पाळण्यापुरता. पहारेकऱ्याच्या हातातल्या वस्तूत मणी नसत. एक लाकडी मूठ, तिच्या दांडीवर घट्ट बसवलेले दातेरी चाक आणि त्या चाकाभोवती फिरणारी चौकट. चौकटीत एक पातळ, लवचीक लाकडी पट्टी. तिचे एक टोक पक्के, दुसरे चाकाच्या दातावर टेकलेले. मूठ धरून चौकट गरगर फिरवली, की पट्टी एका दातावरून सुटून पुढच्या दातावर आपटते. ही आपट इतकी भरभर होते की झोपलेली गल्ली जागी व्हावी. या आवाजाला मराठीत ‘कडकड’ हाच शब्द आहे. खडखड ही सैल वस्तूंची, करकर ही घासणाऱ्या लाकडाची. इथे ताणलेले लाकूड सुटून आदळते. म्हणून मी या वस्तूला ‘कडकड्या’ म्हणेन. शब्द नवा आहे, पण कान लगेच ओळखतो.

आता पहारा. हा शब्द ‘प्रहर’वरून आला. गंमत म्हणजे इंग्रजीतही ‘वॉच’ म्हणजे जागता पहारा आणि रात्रीचा एक भागही. जुळणी सुरेख आहे, तरी इथे मला ‘गस्त’ जास्त पटते. पहारा दारावर, तिजोरीवर उभा असतो, गस्त फिरते. फारसी ‘गश्त’चा अर्थच फिरणे. आणि ही माणसे फिरतच असत. न्यूयॉर्क तेव्हा न्यू ॲम्स्टरडॅम नावाची डच वसाहत होती. तिथे १६५८ मध्ये पगारी रात्रगस्त नेमली गेली. डच भाषेत तिचे नाव ‘राटेलवाख्त’, त्यावरूनच इंग्रजी नाव. चोरापेक्षाही मोठी धास्ती आगीची, कारण घरे बरीचशी लाकडी. धूर दिसला की कडकड्या फिरवायचा.

लंडनमध्ये १८२९ साली नवे पोलीस दल उभे राहिले, तेव्हा त्या शिपायांकडेही हेच साधन होते. शिट्टीने त्याची जागा घेतली ती १८८० च्या दशकात. त्यामुळे त्याआधीच्या लंडनची गोष्ट मराठीत आणताना शिपायाच्या तोंडी शिट्टी देऊ नका.

तर ‘रॅटल वॉच’साठी ‘कडकड्याची गस्त’. वाक्यात घालून पाहा : ‘कौलाखालून धूर दिसताच त्याने कडकड्या फिरवला, पलीकडच्या गल्लीतून दुसऱ्या कडकड्याने साद दिली.’ इथे ‘खुळखुळा’ घालून तेच वाक्य मोठ्याने वाचा.