चार दिवस मातीत: नैसर्गिक बांधकामाच्या संमेलनाला जाताना

प्रश्न: नमस्कार ताई, पुढच्या महिन्यात नैसर्गिक बांधकाम करणाऱ्यांचं चार दिवसांचं संमेलन आहे आणि मी नाव नोंदवलंय. पण माझं सगळं काम कॉम्प्युटरवर, थापी कधी हातात धरलेली नाही. तिथे अनुभवी गवंडी, आर्किटेक्ट असणार, त्यांच्यात माझी अडचणच होईल का? घरचे म्हणतात मातीचं घर पावसात विरघळतं, कशाला जातेस. पुढे कधीतरी स्वतःचं छोटं घर बांधायचंय. चार दिवसांत नेमकं काय शिकून यावं?

उत्तर: अडचण अजिबात होणार नाही, उलट अशा ठिकाणी हात कमीच पडतात. माती चाळायची असते, पाणी आणायचं असतं, चिखल तुडवायचा असतो, आणि यातलं काहीही करायला आधीचा अनुभव लागत नाही. चिखल तुडवता तुडवताच लोक बोलायला लागतात आणि तुमच्या पायालाच कळायला लागतं की मिश्रण अजून सैल आहे की झालंय.

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे हो. उघडी माती पावसात झिजतेच. पण येमेनमधल्या शिबाम शहरात कच्च्या विटांच्या सात-सात मजली इमारती उभ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच सोळाव्या शतकापासूनच्या. तिकडे पाऊस कमी असतो म्हणाल, तर इंग्लंडातलं डेव्हन घ्या, तिथे पाऊस भरपूर आणि मातीची घरं कित्येक पिढ्यांपासून वापरात आहेत. तिथली जुनी म्हण आहे की मातीच्या भिंतीला चांगले बूट आणि चांगली टोपी द्या, म्हणजे खाली दगडी जोतं आणि वर भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं छप्पर. मालीमधल्या जेन्नेची मोठी मशीद, आत्ताची इमारत 1907 ची, तिला गावातले लोक दरवर्षी एकत्र येऊन नवा गिलावा करतात. म्हणजे डागडुजी लागतेच, ती धरूनच घराचा विचार करायचा, आणि हे घरच्यांना आधीच सांगून टाका.

आता शिकायचं काय. माझं ठाम मत आहे की सगळं बघायच्या मागे लागू नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळी कॉब, म्हणजे माती-वाळू-गवताच्या ओल्या गोळ्यांची भिंत, दुपारी रॅम्ड अर्थ, म्हणजे साच्यात ठोकून घट्ट केलेली माती, मग बांबूचे जोड, मग चुना असं पळत राहिले, वही भरली पण परत येऊन एक फूट भिंतसुद्धा नीट रचता आली नाही मला. दुसऱ्या वेळी एकाच भिंतीवर तीन दिवस बसले, एका वयस्कर बाईंच्या शेजारी, त्या बोलायच्या कमी पण गोळा हातात घेऊन नुसता दाबून सांगायच्या की वाळू कमी पडलीये. ते अजून हातात आहे.

आणि एक काम जायच्या आधीच करा, जिथे घर बांधायचं मनात आहे तिथली दोन-तीन किलो माती न्या, वरची सुपीक माती बाजूला सारून खालची. घरीच बरणीची चाचणी करून बघा, बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत खाली बसते, त्यावर गाळ, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, तिला एखादा दिवस किंवा जास्तही लागतो. त्या थरांवरून अंदाज येतो, पण अंदाजच, कारण चिकणमाती-चिकणमातीत फार फरक असतो. काही काळ्या माती ओल्या झाल्या की फुगतात आणि सुकल्या की भेगाळतात, बरणीत ते दिसत नाही. म्हणून संमेलनात त्याच मातीच्या चार-पाच छोट्या विटा पाडा, प्रत्येकीत वाळू वेगळी, आणि सुकू द्या. भेगा पडल्या तर वाळू वाढवायची, हाताने भुगा झाला तर चिकणमाती कमी आहे. दुसऱ्याच्या मातीचं प्रमाण लिहून आणून उपयोग नाही, तुमच्या मातीला ते चालेलच असं नसतं.

चुन्याच्या कामाला मात्र गंमत म्हणून हात लावू नका. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी उकळायला लागतं, शिंतोडा डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते, म्हणून गॉगल आणि रबरी ग्लोव्हज स्वतःचे न्या, तिथे मिळतील असं धरून चालू नका. गेलाच डोळ्यात तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा.

संध्याकाळी सगळे दमून बसले की एकच प्रश्न विचारा, तुमचं काय फसलं? यशाचे फोटो सगळेच दाखवतात हो, पण फसलेलं कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारलं की अगदी मनापासून सांगतात. बहुतेक वेळा पाण्याचीच गोष्ट निघते, जोतं बुटकं ठेवलं, छप्पर आखूड पडलं, नाहीतर मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला. सिमेंटमुळे आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून मऊ होत जाते आणि एक दिवस गिलावा मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. असे दोन-तीन अनुभव वहीत लिहून आणलेत तरी तुमच्या घराच्या नकाशात फरक पडेल.

बाकी जुने कपडे, टोपी, आणि नखं कापून जा. पाडलेल्या विटा तिथे पूर्ण सुकणार नाहीत, तर परत येताना जपून आणा आणि सावलीत ठेवा.