घरात एकाला टीबी झाला, तर बाकीच्यांच्या खाण्यापिण्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच. झारखंडमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

फुप्फुसाच्या टीबीचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून जास्त माणसं यात होती. रुग्णांना सगळीकडेच औषधांबरोबर दरमहा शिधा मिळाला: तांदूळ, सातू, दूध पावडर, तेल. पण या कुटुंबांचे गट पाडून त्यातल्या निम्म्या गटांत घरच्यांनाही दर माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण बाकीच्या घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं, बाकी काही नाही! मला तर हा आकडा एखाद्या लशीइतकाच मोलाचा वाटतो.

कारण असं की टीबीचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं सुप्त राहू शकतात. कुपोषणाने प्रतिकारशक्ती ढासळली की ते डोकं वर काढतात. या चाचणीतल्या पाचांपैकी चार रुग्णांचं वजन मुळातच कमी होतं. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी दिसला.

म्हणून डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध रुग्णापुरतं राखून ठेवू नका, सगळ्यांच्याच ताटात वाढा. मात्र जेवण म्हणजे औषध नव्हे. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या आणि प्रतिबंधक गोळ्यांबद्दल सरकारी दवाखान्यात विचारा. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आता महिन्याला १,००० रुपये मिळतात, त्यासाठी बँक खात्याची नोंद झाली आहे ना, हेही पाहा.