लेकीच्या कॉलेजच्या पैशांतून स्पायडरमॅनचा पहिला अंक घ्यावा का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. स्पायडरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो ‘अमेझिंग फँटसी’चा 15 वा अंक ओळखीतून 20,000 डॉलरना मिळतोय. ग्रेडिंग (अंकाची अवस्था तपासून त्याला दर्जा देणं) झालेलं नाही. मुलगी दहावीत आहे. तिच्या 529 खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) पैसे काढून अंक घ्यावा आणि दोन-तीन वर्षांनी विकून फी भरावी, असा विचार आहे. 2021 मध्ये हाच अंक 36 लाख डॉलरना गेला होता.

उत्तर: नमस्कार. या पैशांतून घेऊ नका.

36 लाखांचा आकडा खरा आहे, पण तो अंक दहापैकी 9.6 दर्जाचा होता. 1962 मध्ये 12 सेंटना विकलेला, तरी जवळजवळ कोरा. तेवढे चांगले अंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. शिवाय त्या तेजीनंतर बाजार बराच उतरला.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मुखपृष्ठाची उजवी कड कुरतडल्यासारखी दिसते. त्याने घाबरू नका. त्या वर्षांतल्या मार्व्हलच्या अंकांची कड छापखान्यात कापतानाच फाटायची, त्यामुळे तिचे बारीक तुकडे पडलेले दिसतात. उलट कड अगदी सरळ, स्वच्छ असती तर मी जास्त सावध झालो असतो, कारण ती नंतर कुणी कापलेली असू शकते. कड कापलेली किंवा उडालेला रंग भरलेला निघाला तर ग्रेडिंग करणारी कंपनी सीजीसी नेहमीच्या निळ्याऐवजी दुरुस्ती किंवा फेरफार केलेल्या अंकाचं जांभळं लेबल लावते, आणि किंमत धाडकन खाली येते.

अंक मूळचाच आहे ना, हेही बघायला हवं. ही गोष्ट 1964 मध्येच ‘मार्व्हल टेल्स’च्या वार्षिकात पुन्हा छापली गेली. त्याचं मुखपृष्ठ वेगळं, त्यामुळे तिथे गफलत होत नाही. अलीकडच्या हुबेहूब आवृत्त्यांत मात्र जुन्या जाहिरातींसकट सगळं असतं, म्हणून आतला प्रकाशनाचा बारीक मजकूर वाचावाच लागतो. अशा गफलतीचं एक उदाहरण: डीसी या प्रकाशन कंपनीने 1974 मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा (सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला) पहिला अंक मोठ्या आकारात पुन्हा काढला होता. बाहेरचं जाड वेष्टन काढलं की आत 1938 चंच मुखपृष्ठ! फोटोवरून तो मूळ अंक म्हणून खपवण्याचे प्रकार झाले. अंक हातात घेतला की आकारावरून लगेच कळतं.

पानंही मोजा, आणि प्रत्येक पान अखंड आहे ना बघा. उदाहरणार्थ, 1974 च्या ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या 181 व्या अंकात कापून जमवायचं एक चित्र-तिकीट छापलं होतं. मुलांनी ते इमानदारीने कापलं, आणि आज ते नसलेला अंक कितीतरी स्वस्तात जातो. बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याने स्वखर्चाने ग्रेडिंग करून आणावं. तो टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. ग्रेडिंगनंतर प्लास्टिकच्या डब्यात सील केलेला अंक आणला तरी लेबलवरचा क्रमांक सीजीसीकडे तपासा. डबे उघडून आतला अंक बदलल्याची प्रकरणं 2023 च्या अखेरीस उघड झाली होती.

आता मुख्य मुद्दा. 529 मधून शिक्षणाव्यतिरिक्त कारणासाठी पैसे काढले तर त्यातल्या नफ्यावर आयकर आणि वर 10 टक्के दंड. वर्षभरानंतर अंक विकून फायदा झालाच, तर संग्राह्य वस्तूंवर दीर्घ मुदतीतही 28 टक्क्यांपर्यंत कर लागतो, शेअरपेक्षा जास्त. लिलावात खरेदीदाराला बोलीच्या वर एक पंचमांशाच्या आसपास प्रीमियम लिलावगृहाला द्यावा लागतो, आणि तो हिशेब धरूनच लोक बोली लावतात. म्हणजे तुमच्या हातात तेवढं कमी येतं. फीची तारीख ठरलेली असते. चांगलं गिऱ्हाईक त्याच महिन्यात येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

या अंकावरचं तुमचं प्रेम पत्रातून दिसतं, आणि मला ते मोलाचं वाटतं. आत्ता हुबेहूब आवृत्ती घ्या, काही डॉलरमध्ये मिळते, आणि मुलीबरोबर वाचा. फीची सोय पूर्ण झाल्यावर स्वतःच्या बचतीतून कमी दर्जाचा पण निळ्या लेबलचा मूळ अंक शोधायला माझी हरकत नाही. तेव्हा घराच्या विम्यात त्याची वेगळी नोंद करून घ्या. साध्या पॉलिसीत अशा वस्तूंची भरपाई सहसा फार तोकडी असते.