दीक्षार्थींनी मिस्सेत कसे सहभागी व्हावे

आपल्या साताऱ्यात देवळातून प्रसाद न घेता परतणे बरे मानले जात नाही, आणि नेमक्या त्याच सवयीने नवखा माणूस मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसादासाठी (ख्रिस्ताचे शरीर म्हणून दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसाठी) हात पुढे करतो. म्हणून सर्वप्रथम हे सांगतो की तुम्ही दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारे, असल्याने बाप्तिस्मा होईपर्यंत तुम्हाला ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही, आणि तेवढा वेळ जागेवर बसून राहण्यात कसलाही कमीपणा नाही. काही चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर आडवे धरून रांगेत गेल्यास फादर आशीर्वाद देतात. तुमच्याकडे तशी पद्धत आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

बाकीची उपासना तुमचीही आहे: गीते, प्रतिसाद, गुडघे टेकणे, आणि विशेषतः शास्त्रवाचने, ज्यांचे उतारे शनिवारी रात्रीच घरी वाचून यावेत. कुठे कुठे प्रवचनानंतर दीक्षार्थींना मनन करण्यासाठी बाहेर पाठवतात; ती हकालपट्टी नव्हे, फार प्राचीन प्रघात आहे.

प्रायश्चित्तकाळाच्या (इस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या रविवारी सहसा निवडविधी, म्हणजे दीक्षार्थींना बाप्तिस्म्यासाठी निवडल्याचे जाहीर करण्याचा विधी, होतो, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी परीक्षणविधी (आत्मपरीक्षण व शुद्धीसाठीच्या प्रार्थना) होतात, आणि इस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (तेल लावून पवित्र आत्म्याचे दान देणारा संस्कार) व पहिला ख्रिस्तप्रसाद एकत्र मिळतात.

सातारा, वाईकडील जुन्या मिशनच्या कुटुंबांप्रमाणे तुमचा बाप्तिस्मा पूर्वीच प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाण्याने आणि त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या, नावाने झाला असेल, तर तो पुन्हा दिला जात नाही आणि तुमची तयारीही वेगळी ठरते. त्यामुळे जुने प्रमाणपत्र शोधून पहिल्याच भेटीत फादरांना दाखवावे.