गाणं सुरू कधी होणार?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. लग्नाआधी मी गाणं शिकले, आता इथल्या भजनी मंडळात पेटी वाजवते. एप्रिलमध्ये लेकाकडे न्यू जर्सीला गेले होते. त्यानं न्यूयॉर्कला ‘ड्रीम हाउस’ नावाच्या ठिकाणी नेलं. चपला बाहेर काढायच्या, आत गालिचा, जांभळट गुलाबी उजेड, उदबत्तीचा वास आणि मोठाल्या स्पीकरमधून एकसारखी घुंऽऽ. एका कोपऱ्यात बसून मी वाट बघत राहिले, गाणं काही सुरू होईना. लेक म्हणाला, हेच गाणं. ज्यांनी ते रचलं त्यांचे गुरू किराणा घराण्याचे होते म्हणे. यात ऐकायचं तरी काय? आणि घरी ऐकता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लेकानं सांगितलं ते खरं आहे. ते रचणारे अमेरिकी संगीतकार ला मॉन्टे यंग आणि त्यांच्या पत्नी मरियन झाझीला १९७० साली पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले आणि १९९६ साली पंडितजी जाईपर्यंत त्यांच्यापाशी शिकत राहिले. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. म्हणजे तुमच्या शेजारच्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचंच घराणं.

पण घराणं सांगून तुमचं समाधान होणार नाही, व्हायलाही नको. यंग यांना हा नाद गुरू भेटण्याच्या कितीतरी आधी लागला होता. जन्म १९३५चा, आयडाहो राज्यातल्या बर्न नावाच्या खेड्यात, लाकडी ओंडक्यांच्या घरात. फटींतून घुमणारा वारा आणि तारांच्या खांबांची गुणगुण या लहानपणच्या आवाजांबद्दल त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. १९५७च्या सुमारास रेडिओवर अली अकबर खाँसाहेबांचं सरोद कानावर पडलं आणि त्यांचं चित्त मागच्या तानपुऱ्यावर जाऊन बसलं. १९५८ साली त्यांनी तीन तंतुवाद्यांसाठी जी रचना केली तिच्यात एकेक स्वर इतका लांबवला आहे की पुढचा स्वर येणार हेच आपण विसरतो. मग १९६० साली एका रचनेत दोनच स्वर लिहिले आणि खाली सूचना : बराच वेळ धरून ठेवा.

ते दोन स्वर कोणते, तर तुमच्या पेटीवरची पांढरी सात आणि काळी तीन. सा आणि प. आपल्याकडे ज्याच्यावर गाणं उभं राहतं तेच त्यांनी गाणं म्हणून समोर ठेवलं. तुम्ही गायकाची वाट बघत होतात, आणि तिथे गायक येणारच नव्हता.

आता ऐकायचं काय ते. मी मुलींना गाणं शिकवते आणि नवी मुलगी आली की तिला आधी नुसत्या तानपुऱ्यासमोर बसवते, तोंड बंद ठेवून. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, नीट लागली असेल, घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला असेल, तर खर्जाची तार छेडल्यावर सा ऐकू येतो, मग पंचम वर येतो, आणि थोडं थांबलं की कुठलीच तार ज्या स्वरात लावलेली नाही तो गंधार ऐकू येऊ लागतो. हा स्वयंभू गंधार. खर्जाच्या कंपनसंख्येच्या पाचपटीत तो असतो. मधला सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर खर्ज १२०चा, त्याची पाचपट ६००, आणि एक सप्तक खाली आणला की हा गंधार ३००वर येतो. पेटीचा गंधार मात्र ३०२च्याही थोडा वर. पंचमात फरक इतका बारीक की सहसा कळत नाही. गंधार मात्र टोचतो. भजनात पेटी आणि गळा गंधारावर कधी कधी भांडतात, ते यामुळेच.

यंग यांचं पुढचं बरंचसं काम या पटींवर आहे. त्यांनी पियानोचे स्वरच बदलून लावले. १९६४ साली सुरू केलेली ही रचना म्हणजे ‘द वेल-ट्यून्ड पियानो’, १९८१चं तिचं ध्वनिमुद्रण पाच तासांचं आहे. तिच्यात त्यांनी तीन आणि सात या पटींचं नातं ठेवलं आणि पाचाचं वर्ज्य केलं. म्हणजे आपला लाडका स्वयंभू गंधार नाहीच, आणि सातपटीचा, पेटीपेक्षा बराच उतरलेला कोमल निषाद ठायी ठायी भेटतो. पहिल्यांदा ऐकताना तो बेसूर वाटेल. त्याला वेळ द्या, तो नंतर फार गोड लागतो.

ड्रीम हाउसमध्ये तुम्ही एका जागी बसून राहिलात, म्हणून तुम्हाला एकच घुं ऐकू आली. तिथले सूर बदलत नाहीत, बदल तुम्ही करायचा असतो. हजार कंपनांच्या सुराची लाट साधारण ३४ सेंटिमीटरची. ती भिंतीवर आपटून परत येते आणि जाणाऱ्या लाटेत मिसळते, तेव्हा काही जागी सूर दुणावतो, काही जागी मावळतो. या दोन जागांमधलं अंतर साडेआठ सेंटिमीटर, जेमतेम चार-पाच बोटं. म्हणून नुसती मान वळवली तरी एखादा सूर नाहीसा होतो आणि दुसराच पुढे येतो. मी तिथे खोलीभर अगदी सावकाश चालले, मग भिंतीला टेकून बसले. दोन्हीकडचं ऐकणं सर्वस्वी वेगळं होतं.

एक गोष्ट मला खटकते तीही सांगते. ते सूर यंत्राचे, निखळ, तारेचे नव्हेत. तार छेडली की सूर जन्मतो, फुलतो, ओसरतो. ते तिथे नाही. शिवाय आवाज फार मोठा असतो, नाजूक कानांच्या माणसानं बेतानं बसावं. तरीही मी परत जाईन, कारण सुराकडे इतक्या निष्ठेनं बघणारी माणसं कमी.

घरी? त्या खोलीचं ध्वनिमुद्रण ऐकण्यात अर्थ नाही, खोली हाच त्यातला अर्धा भाग. पियानोचं ऐका, आणि मोबाइलवर नको, बऱ्या स्पीकरवर. त्याआधी काही दिवस भजनाला बसण्यापूर्वी पेटीवर पांढरी सात आणि तिच्या वरची काळी तीन दाबून भाता सावकाश चालवत राहा. गंधार आपणहून ऐकू येतो का बघा, आणि आला की पेटीचा गंधार त्याच्याशेजारी वाजवा. काय झालं ते मला जरूर कळवा.