चर्चमध्ये नवीन कोणी आलं की

हे बघ, ख्रिस्ताबद्दल सांगायचं म्हणजे लगेच भाषण नसतं द्यायचं, बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात फिलिप्प येशूबद्दल सांगतो, तर नथनेल विचारतो नासरेथातून, म्हणजे येशूच्या गावातून, काही चांगलं येईल का, तेव्हा फिलिप्प वाद घालत बसत नाही, येऊन पाहा एवढंच म्हणतो. तेच कर. ऑफिसमधल्या मित्राला नाताळला घरी बोलव, त्याने विचारलं तर मनापासून सांग, नाही विचारलं तरी मैत्री तशीच ठेव, जबरदस्ती किंवा आमिष अजिबात नको. आणि रविवारी कोणी विरारहून लोकल पकडून पहिल्यांदा आलंच तर शेजारी बस, गीताचं पान काढून दे, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या वेळी काय करायचं ते आधीच हळूच सांग, बिचारे तिथेच गोंधळतात. उपासना संपली की आपल्याच ग्रुपमध्ये गप्पा नको, आधी त्यांना चहा विचार.