अण्णा भिंतीकडं तोंड करून पडून असतात

प्रश्न: ताई, माझ्या वडलांना पोटाचा कॅन्सर आहे, शेवटची स्टेज, डॉक्टर म्हणाले आता ट्रीटमेंटचा उपयोग नाही. आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीला, म्हणून अण्णांना केअर सेंटरला ठेवलंय. खासबागेतली एकही कुस्ती न चुकवणारा माणूस आता भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो, दोन घासही जात नाहीत. डॉक्टर मॉर्फिन देऊया म्हणतात पण आत्या म्हणते नशेची सवय लागंल. काय करू? – एक लेक, कोल्हापूर

उत्तर: अगं, आधी मॉर्फिनचं बघ. माणूस असा भिंतीकडं वळतो ते बऱ्याचदा दुखण्यानंच. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागायची भीती फार कमी असते, आत्यांना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे. साधी गोळी असेल तर बहुतेक दर ४ तासांनी देतात, आणि ती वेळेवरच गेली पाहिजे, कळ आल्यावर धावपळ करून नाही, हे रात्रपाळीच्या सिस्टरलाही सांगून ठेव. मॉर्फिननं हमखास बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबतच लिहून घे.

जेवणासाठी मागं लागू नका. तुला वाटत असेल उपाशी ठेवतोय आपण, पण या टप्प्यावर शरीरच अन्न मागत नाही, जबरदस्तीनं भरवलं तर ठसका लागतो, उलटी होते. गिळता येत असेल आणि त्यांना हवा असेल तर घरचा पांढरा रस्सा पातळ करून दोन चमचे दे, बास. तोंड कोरडं पडतं त्याचा त्रास जास्त असतो, ओल्या कापसानं ओठ-जीभ पुसायला सेंटरमधल्या मावशींना शिकव, तू गेलीस की तूच कर.

आणि सेंटरवाल्यांशी बस एकदा. सकाळी ६ ला अंघोळ घालत असतील तर ती कशाला? रात्रभर तळमळलेल्या माणसाला झोपू दे की, दहाला अंग पुसलं तर काय बिघडतं. कॉट खिडकीशी घ्या, मोबाईलवर जुन्या कुस्त्या लाव, तालमीतले दोस्त असतील त्यांना अण्णांना भेटायला घेऊन ये, फक्त एकावेळी दोघंच.

अजून एक, अण्णा शुद्धीत आहेत तोवर व्हेंटिलेटर हवा का नको हे त्यांनाच विचार. तसं लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टानं २०१८ ला मान्यता दिलीय, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतं. अवघड वाटेल तुला, पण दुखणं उतरलं की ते स्वतःच बोलतील, तेव्हा घाई न करता जवळ बसून ऐक.